युरोपीय नागरिकाच्या भारतीय जोडीदाराने निवासाचा आणि प्रवासाचा हक्क कसा वापरावा

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन शहरात एकाच गल्लीत समोरासमोर राहणारी दोन जोडपी डोळ्यांसमोर आणा. एका घरातील पती जन्माने डच आहे आणि पत्नी पुण्याची. दुसऱ्या घरातील पती मूळचा मडगावचा, आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेला, आणि पत्नी सावंतवाडीची. दोघींकडे भारतीय पासपोर्ट आहे. पुण्याच्या पत्नीला नेदरलँड्सच्या राष्ट्रीय कायद्यानुसार देश सोडण्यापूर्वीच वकिलातीत डच भाषेची आणि समाजज्ञानाची परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या पतीला ठरावीक किमान उत्पन्न सिद्ध करावे लागते. सावंतवाडीच्या पत्नीला परीक्षा नाही, आणि तिचा पती नोकरीत असेल तर उत्पन्नाचा किमान आकडाही नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण यजमान देशाच्या जावयाला किंवा सुनेला अधिक सवलत असेल असे आपण गृहीत धरतो. पण युरोपीय संघाचा कायदा आपला देश सोडून संघातील दुसऱ्या देशात जाणाऱ्या नागरिकाला संरक्षण देतो, आणि जोडीदाराचा हक्क त्या जाण्यातून निर्माण होतो. घरी बसलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला मात्र त्या त्या देशाचा स्वतःचा कायदा लागू होतो.

म्हणून कोणताही अर्ज हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: आपला जोडीदार ज्या देशाचा नागरिक आहे, त्याच देशात आपण राहायला चाललो आहोत, की दुसऱ्या? उत्तर ‘दुसऱ्या’ असे असेल, तर पुढील बहुतेक मजकूर आपल्यासाठी आहे. उत्तर ‘त्याच’ असे असेल, तर त्या देशाच्या परदेशी नागरिक विभागाचे नियम वाचावेत. पोर्तुगालसारख्या काही देशांनी आपल्या नागरिकांच्या जोडीदारांनाही राष्ट्रीय कायद्याने जवळपास तीच वागणूक दिली आहे, पण तो त्या देशाचा स्वतःचा निर्णय आहे आणि इतरांवर तो बंधनकारक नाही.

कायदा कोणता आणि तो कुठे चालतो

या हक्कांचा मुख्य आधार म्हणजे २९ एप्रिल २००४ रोजी संमत झालेला, २००४/३८ या क्रमांकाचा युरोपीय निर्देश. तो ३० एप्रिल २००६ पर्यंत प्रत्येक सदस्य देशाने आपल्या कायद्यात उतरवणे बंधनकारक होते. संघाच्या २७ देशांखेरीज नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन येथे तो लागू आहे, आणि स्वित्झर्लंडशी झालेल्या स्वतंत्र करारातून तेथेही बरेचसे असेच हक्क मिळतात. ब्रिटनमध्ये मात्र १ जानेवारी २०२१ पासून तो चालत नाही. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनमधील स्विंडनला गेलेली कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ असल्यामुळे हे मुद्दाम सांगावे लागते: जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये मिळालेल्या निवासपत्रावर भारतीय पत्नी आज लंडनला दिराकडे जाऊ शकत नाही, तिला ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

नियम म्हणून जोडीदार याचा अर्थ विवाहित जोडीदार. लग्न भारतात झाले की युरोपात, हिंदू विवाह कायद्याखाली झाले की विशेष विवाह कायद्याखाली, याने फरक पडत नाही. ते जेथे झाले तेथे कायदेशीर असावे आणि त्याचा दाखला हाती असावा. केवळ लग्नाचे फोटो, पत्रिका आणि कार्यालयाची पावती यांवर काम भागत नाही. युरोपीय न्यायालयाने २५ जुलै २००८ रोजी मेटॉक खटल्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली: लग्न नागरिक परदेशी राहायला गेल्यावर झाले असले, किंवा जोडीदार आधी कोणत्याही युरोपीय देशात कायदेशीरपणे राहत नसला, तरी हक्क कमी होत नाही. समलिंगी विवाहाबाबतही २०१८ च्या कोमान खटल्यात असे ठरले की, एका सदस्य देशात कायदेशीर झालेला विवाह निवासाच्या हक्कापुरता दुसऱ्या देशाने मानलाच पाहिजे. लग्नाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांची स्थिती दुबळी आहे. त्यांच्या नात्याचा टिकाऊपणा सिद्ध झाला तर देशाने प्रवेश सुलभ करावा, एवढेच निर्देश म्हणतो.

विवाहाचा दाखला आणि नावाचा घोळ

मी परिचितांच्या ज्या फायली वाचून दिल्या आहेत, त्यांतील निम्मा वेळ व्हिसाच्या नियमांवर नव्हे, तर नावांवर गेला आहे. मराठी रिवाजात मुलीचे नाव लग्नात पूर्ण बदलू शकते, आणि मधले नाव वडिलांचे असते ते पतीचे होते. उदाहरणार्थ, विवाहाच्या दाखल्यावर वधू ‘स्वाती रमेश कदम’ आहे, आणि त्यानंतर नव्याने काढलेल्या पासपोर्टवर ‘स्वराली प्रसाद नाईक’. आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला यात वावगे वाटत नाही. आइंडहोव्हनच्या नगरपालिकेतील कर्मचाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या स्त्रिया दिसतात, आणि त्यात त्याचे काही चूक नाही. शिवाय आपल्या पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा पहिल्या नावाच्याच रकान्यात बसलेले असते. त्यामुळे डच नोंदीत ‘स्वराली प्रसाद’ हे एकच पहिले नाव म्हणून चढते आणि पुढे बँक, विमा, मुलाचा जन्मदाखला अशा सर्व ठिकाणी तेच चालत राहते.

यावर उपाय आधी करणे स्वस्त पडते. ज्यांचा पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे, त्यांनी निवासपत्र हाती येईपर्यंत तो तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. युरोपात लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही, आणि दाखला, पासपोर्ट व जन्मदाखला या तिन्हींवर एकच नाव असले की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ज्यांनी नाव आधीच बदलले आहे, त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची प्रत आणि जुना, रद्द झालेला पासपोर्ट दोन्ही जपून न्यावेत. जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, दोन नावांची साखळी जोडणारा त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

दाखल्यावर ॲपॉस्टिल, म्हणजे तो परदेशात खरा मानला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, घ्यावे लागते. भारत २००५ मध्ये हेग येथील ॲपॉस्टिल करारात सामील झाला आणि हा शिक्का परराष्ट्र मंत्रालयाच्या वतीने मिळतो. त्याआधी दाखला ज्या राज्याने दिला, त्या राज्याच्या नेमलेल्या विभागाकडून त्याचे प्रमाणीकरण व्हावे लागते, म्हणजे महाराष्ट्राचा दाखला महाराष्ट्रातून आणि गोव्याच्या नागरी निबंधकाचा दाखला गोव्यातून. जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती, म्हणून जर्मनीला जाणाऱ्यांनी ॲपॉस्टिलवर पैसे खर्च करण्यापूर्वी संबंधित जर्मन कार्यालयाला काय चालेल ते लेखी विचारून घ्यावे. क्रमही लक्षात ठेवावा: आधी शिक्का, नंतर भाषांतर, म्हणजे भाषांतरात शिक्क्यावरील मजकूरही येतो. नेदरलँड्समध्ये इंग्रजी दाखला चालतो. केवळ मराठीत असलेला जुना दाखला मात्र शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतरित करून घ्यावा लागतो, आणि शक्य असेल तर निबंधकाकडून नवी द्विभाषिक प्रत काढणे त्याहून सोपे.

पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांना एक अधिकचा सल्ला द्यावासा वाटतो. स्वतःच्या जन्माची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करून घेणारे अनेक जण लग्नाची नोंद तेथे करण्याचे मात्र पुढे ढकलतात, कारण पासपोर्ट तर मिळालेला असतो. ती नोंद करून घ्यावी. मग विवाहाचा दाखला पोर्तुगीज सरकारचा होतो, आणि फेब्रुवारी २०१९ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमानुसार एका सदस्य देशाच्या अशा दाखल्याला दुसऱ्या सदस्य देशात ॲपॉस्टिल लागत नाही. सोबत दाखल्याला जोडायचा बहुभाषिक छापील नमुना मागून घेतला, तर बहुधा भाषांतरही लागत नाही.

प्रवेशाचा व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकाला पहिल्या प्रवेशासाठी व्हिसा लागतोच, नात्याने तो टळत नाही. फरक असा की हा व्हिसा मोफत द्यावा लागतो आणि शक्य तितक्या लवकर, वेगळ्या जलद पद्धतीने द्यावा लागतो. पर्यटकाला जून २०२४ पासून ९० युरो शुल्क आहे, ते येथे शून्य. अर्ज बाहेरच्या सेवाकंपनीच्या केंद्रात दिला तर त्या कंपनीचे सेवाशुल्क लागू शकते, पण तेथेच अर्ज देण्याची सक्ती करता येत नाही. वकिलातीत थेट अर्ज देण्याची सोय मागण्याचा अधिकार जोडीदाराला आहे.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या सामाईक व्हिसाचा, छापील अर्ज नीट पाहिला, तर काही रकान्यांपुढे तारांकन दिसते. व्यवसाय, मालकाचे नाव, यजमान किंवा हॉटेलचा पत्ता आणि प्रवासाचा खर्च कोण करणार, हे ते रकाने. मुक्त संचाराचा हक्क वापरणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराने ते भरायचे नसतात, तसे अर्जावरच लिहिलेले असते. त्याऐवजी युरोपीय नागरिकाचा तपशील आणि त्याच्याशी असलेले नाते, हे रकाने भरायचे. याचा सरळ अर्थ असा की बँकेची सहा महिन्यांची विवरणे, हॉटेलची आरक्षणे, नोकरीचे ना-हरकत पत्र यांची मागणी करता येत नाही. प्रत्यक्षात केंद्रातील खिडकीवर पर्यटकांची छापील यादी पुढे सरकवली जाते. अशा वेळी वाद घालत बसू नये. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘निर्देश २००४/३८ अन्वये युरोपीय नागरिकाच्या पत्नीचा अर्ज’ असे लिहिलेले छोटे पत्र जोडावे आणि त्यात फक्त तीन गोष्टी मांडाव्यात: पती कोणत्या देशाचा नागरिक आहे, आपण त्याची पत्नी आहोत, आणि आपण त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे अमुक देशात जात आहोत. तिन्हींचा एकेक पुरावा, म्हणजे पतीच्या पासपोर्टची प्रत, विवाहाचा दाखला, आणि त्याचा तेथील नोकरीचा करार किंवा नगरपालिकेतील नोंद, एवढे पुरते. पती अजून तेथे गेलेला नसेल, तर दोघे एकत्र जात असल्याचे त्याचे सही केलेले निवेदन द्यावे.

नकार देण्याची कारणेही मोजकी आहेत. नाते सिद्ध न होणे, सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षितता किंवा आरोग्याला त्या व्यक्तीकडून धोका असणे, आणि लग्न केवळ कागदोपत्री असल्याचे आढळणे. ‘परत जाईल याची खात्री नाही’ हे पर्यटकाच्या नकारपत्रातील नेहमीचे वाक्य येथे कारण म्हणून चालत नाही. नकार लेखी, कारणांसह मिळाला पाहिजे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असली पाहिजे.

हे सगळे खरे असले तरी विमानतळावरील प्रसंग वेगळाच असतो. मुंबईच्या विमानतळावर चेक-इनच्या खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला निर्देश ठाऊक नसतो. त्याला एवढेच ठाऊक असते की चुकीचा प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो. एकदा सुट्टी संपवून परतताना माझ्या पत्नीचे निवासपत्र त्याने तीन वेळा उलटसुलट केले, मागच्या बाजूचा मजकूर डच भाषेत असल्याचे पाहून वरिष्ठाला बोलावले, आणि आमच्या मागे रांग वाढत असताना वीस मिनिटे संगणकावर काहीतरी शोधले. तेव्हापासून आम्ही निवासपत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, तिचे इंग्रजी भाषांतर आणि विवाहाच्या दाखल्याची प्रत पासपोर्टच्या पाकिटातच ठेवतो, आणि नेहमीपेक्षा एक तास लवकर पोहोचतो.

पोहोचल्यावर निवासपत्र

पहिले तीन महिने नागरिकाला आणि त्याच्या जोडीदाराला वैध पासपोर्टखेरीज दुसरी अट नाही. त्यापुढे राहायचे असेल, तर अट जोडीदाराने नव्हे, नागरिकाने पूर्ण करायची असते: तो नोकरी किंवा स्वतंत्र व्यवसाय करत असावा, किंवा सरकारी मदतीवर भार पडणार नाही एवढी साधने आणि पूर्ण आरोग्यविमा त्याच्याकडे असावा, किंवा विमा असलेला विद्यार्थी असावा. नोकरी अर्धवेळ असली तरी चालते, मात्र ती खरी आणि परिणामकारक असावी, नाममात्र नसावी. न्यायालयाने हे १९८२ सालीच सांगून ठेवले आहे. दुसऱ्या प्रकारातही देशाला एखादा ठरावीक आकडा सर्वांना लावता येत नाही, व्यक्तीची परिस्थिती पाहावी लागते.

नेदरलँड्समध्ये क्रम असा असतो: आधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद करून नागरिक सेवा क्रमांक घ्यायचा, मग स्थलांतर विभागाकडे ‘युरोपीय कायद्यानुसार पडताळणी’चा अर्ज करायचा. अर्ज दिल्यावर पासपोर्टवर जो स्टिकर लावला जातो, त्यावर काम करण्यास मुभा असल्याचे लिहिलेले असते. तो घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण मालकाला तोच पाहायचा असतो. इतर देशांत कार्यालयांची नावे बदलतात, चौकट तीच राहते. अर्ज केल्याबरोबर पोच मिळाली पाहिजे, सहा महिन्यांच्या आत पत्र मिळाले पाहिजे, शुल्क त्या देशाच्या नागरिकांना ओळखपत्रासाठी पडते त्याहून अधिक नसावे, आणि पत्र साधारणपणे पाच वर्षांचे असावे. काम करण्याचा हक्क जोडीदाराला निवासाबरोबरच मिळतो, त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही.

निवासपत्र हा हक्काचा पुरावा आहे, हक्क त्यातून जन्मत नाही. पत्र यायला उशीर झाला म्हणून निवास बेकायदा ठरत नाही, आणि अर्ज उशिरा केला तर दंड होऊ शकतो, हक्क जात नाही. सहा महिने उलटूनही उत्तर नसेल, किंवा नको ते कागद मागितले जात असतील, तर सॉल्व्हिट या मोफत ऑनलाइन सेवेकडे तक्रार करावी. ती दोन देशांच्या केंद्रांमार्फत संबंधित कार्यालयाशी बोलते आणि दहा आठवड्यांत तोडगा काढण्याचे उद्दिष्ट ठेवते. न्यायालयात प्रकरण आधीच गेले असेल, तर मात्र सॉल्व्हिट ते घेत नाही, आणि अपिलाची मुदत तिच्यासाठी थांबत नाही.

पत्र हाती आल्यावरचा प्रवास

पत्रावर ‘युरोपीय संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचे निवासपत्र’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, हे पत्र मिळाल्या दिवशीच तपासावे. ते शब्द असतील, तर नागरिकासोबत किंवा त्याच्याकडे जाताना संघातील दुसऱ्या देशाचा व्हिसा लागत नाही. शेंगेनबाहेरच्या आयर्लंडलाही नाही. २०२० च्या रायनएअर खटल्यात कायम निवासपत्रालाही हीच सवलत असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. शेंगेन क्षेत्रात त्या क्षेत्रातील देशाच्या पत्रावर एकटीलाही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. आयर्लंडला मात्र एकटीने, पती नेदरलँड्समध्येच असताना, मैत्रिणीकडे जायचे झाले तर व्हिसा काढावा. आणि सुरुवातीच्या गल्लीतील पुण्याच्या पत्नीकडे असलेला परवाना राष्ट्रीय कायद्याखालचा असल्यामुळे तिला आयर्लंडची ही सवलत तेवढ्यावर मिळत नाही.

नागरिकाला जोडीदारासह स्वतःच्या देशात परतायचे असेल, तर एका भारतीयाचे नाव या कायद्यात कायमचे कोरले गेले आहे. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश स्त्रीशी लग्न केले, दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि १९८५ मध्ये व्यवसाय करण्यासाठी ते ब्रिटनला परतले. पुढे तेथील सरकारने त्यांचा निवास नाकारला, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि ७ जुलै १९९२ रोजी निर्णय झाला की, दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला मायदेशातही किमान तेवढेच हक्क मिळाले पाहिजेत. डेन्मार्कने २००२ मध्ये परदेशी जोडीदारासाठी दोघांच्याही वयाची २४ वर्षांची अट घातल्यावर कोपनहेगनची अनेक जोडपी पूल ओलांडून स्वीडनच्या माल्मोला राहायला गेली, त्यामागेही हाच कायदा होता. मात्र हा मार्ग घेणाऱ्याने दुसऱ्या देशात तीन महिन्यांहून अधिक काळ खरोखर संसार केलेला असावा. २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की सुट्ट्या आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्या त्यात धरल्या जात नाहीत. भाडेकरार, पगाराच्या पावत्या, वीजबिले सारे ठेवावे.

नाते तुटले तर

कोणी आधी विचारत नाही असा हा भाग आहे. घटस्फोट झाला, आणि कारवाई सुरू होण्यापूर्वी लग्नाला किमान तीन वर्षे झाली असतील व त्यांतील एक वर्ष त्या देशात गेले असेल, तर जोडीदाराचा निवास टिकू शकतो, मात्र त्यापुढे उत्पन्नाची आणि विम्याची अट त्याच्या स्वतःवर येते. मुलांचा ताबा किंवा घरातील हिंसा असेल, तर ही मुदत पूर्ण झालेली नसली तरी हक्क राहू शकतो. पण २०१५ च्या कुलदीप सिंग खटल्याने एक सापळा उघड केला आहे: नागरिक जोडीदार आधी देश सोडून गेला आणि घटस्फोटाचा अर्ज नंतर झाला, तर मागे राहिलेल्याचा हक्क त्याच्या जाण्याबरोबरच संपतो. म्हणून पती सामान बांधत असल्याची चाहूल लागली, तर त्याच आठवड्यात वकिलाला भेटावे. नागरिकाचा मृत्यू झाल्यास निवास टिकण्यासाठी जोडीदार त्याआधी किमान एक वर्ष त्या देशात राहिलेला असला पाहिजे.

कायम निवासापर्यंत

सलग पाच वर्षे कायदेशीर निवास झाला की कायम निवासाचा हक्क मिळतो, आणि त्यानंतर नागरिकाच्या नोकरीची अट उरत नाही. वर्षाला एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिल्याने सलगता तुटत नाही. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रीत असल्यामुळे पुढची तरतूद विशेष उपयोगाची आहे: गर्भारपण आणि बाळंतपण, गंभीर आजार किंवा शिक्षण यांसारख्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत बाहेर राहता येते. सातव्या महिन्यात गेलेली मुलगी बाळाला घेऊन आठ महिन्यांनी परतली, तरी तिची वर्षे वाया जात नाहीत, फक्त रुग्णालयाची कागदपत्रे आणि बाळाचा जन्मदाखला तारखांसह जवळ असावा.

कायम निवासाचे पत्र दर दहा वर्षांनी नवे करून मिळते आणि सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यासच हक्क जातो. पाच वर्षांची मोजणी निवासपत्रावरील तारखेपासून नव्हे, तर अटी पूर्ण करून प्रत्यक्ष राहायला सुरुवात झाली त्या दिवसापासून होते. तो दिवस दाखवायला पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का असल्यास त्या पानाची प्रत, विमानाचा बोर्डिंग पास, नगरपालिकेतील पहिली नोंद आणि पतीची त्या महिन्याची पगारपावती हे कागद एकाच लिफाफ्यात ठेवावेत, आणि लिफाफ्यावर तारीख घालावी.